सोनेरी धाग्याचं डाळिंब

समुद्र जरा जोरात घोरला की जिच्या घरातल्या वाट्या किणकिण वाजत, अशी एक चिमुकली मुलगी सुरंगवाडीत राहत होती. तिचं नाव मिल्का. घर एवढंसं, माडांच्या सावलीत अंग चोरून बसलेलं. दाराच्या चौकटीला लाकडी नळीत घातलेली इवलीशी प्रार्थना ठोकलेली. येता-जाता मिल्का तिला बोट लावायची आणि ते बोट ओठांवर टेकवायची. मिल्काचे लोक बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना लाडाने शनवार तेली म्हणे. मिल्काचे बाबा देवाघरी गेले तसा त्यांचा घाणाही गेला. मागे उरली आई, रिबका, आणि आईची सुई.

आणि काय सुई होती ती! रिबकाने रुमालावर मोगरा भरला, तर मधमाशा बिचाऱ्या फसून त्यावर बसत. त्या सुईवरच मायलेकींचं पोट चालायचं.

पण त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला घात झाला. रिबका चुलीवर गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळत होती. नारळाचं दूध, साखर, गुलाबी रंग, वेलचीचा वास, नुसतं बघूनच तोंडाला पाणी सुटावं! तेवढ्यात पातेलं कलंडलं आणि तो रटरटता हलवा तिच्या उजव्या हातावर सांडला. फोड बसले, पण मुडपलेली बोटं काही उघडेनात. वैद्यबुवा रोज लेप लावत आणि रोज मान हलवत.

खुंटीवर एक अर्धवट झगा लटकत होता. तो माणसाचा नव्हता बरं का! प्रार्थनालयात धर्मग्रंथाची मोठी पवित्र गुंडाळी असते, तिला सेफेर म्हणतात. तो झगा सेफेरचा होता. थोड्याच दिवसांत आनंदाचा सण येणार, सेफेर बाहेर निघणार आणि सगळे तिच्याभोवती नाचणार. त्या झग्यासाठी गावातल्या बायकांनी आपल्या लग्नातल्या साड्यांचे पदर कापून दिले होते. कुणाचा हिरवागार, कुणाचा मोरपिशी, कुणाचा शेंदरी. शिवण झाली होती, भरतकाम मात्र राहिलं होतं.

"सुईच धरता येत नाही गं, मिल्का," रिबका म्हणाली. "आता आपलं कसं व्हायचं, बाय?"

मिल्काला रडूच आलं. पण आईपुढे रडायचं नाही, एवढं शहाणपण तिला होतं. शुक्रवारची दुपार होती. "सब्जा घेऊन येते," असं म्हणून ती माडांच्या वाडीत पळाली. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंतचा विसावा. तो संपताना त्यांच्या घरी सब्ज्याच्या डहाळीचा वास घेत, त्यासाठी तो लागायचा.

वाडीत पिवळी फुलपाखरं भिरभिरत होती. केवड्याच्या बनातून बारीकसा हुंदका आला. मिल्काने वाकून पाहिलं, तर काट्यात एक परी अडकलेली! करंगळीएवढी. अंगात चांदण्याचा झगा, पायांत दवाचे पैंजण, आणि जांभळा-सोनेरी झगमगता पंख टर्रकन फाटलेला.

"थांब गं, हलू नकोस," मिल्का म्हणाली. "हललीस तर आणखी फाटेल."

आई शिवणकाम करणारी, त्यामुळे मिल्काच्या पोलक्याच्या गळ्याशी एक बारीक सुई कायम टोचलेली असायची. धागा मात्र नव्हता. मिल्काने आपला एक लांब केस उपटला, सुईत ओवला आणि पंखाला इवले इवले टाके घातले. परीने पंख फडफडवून पाहिला. बनभर सोनेरी भुरभूर उडाली.

"मी सोनकणी," परी म्हणाली. "तू माझा पंख शिवलास, आता मी तुला इच्छा देते." तिने ओंजळ उघडली. आत उन्हाचा धागा होता, लखलखीत. "याने काहीही भर. जेवढा धागा, तेवढीच एक नक्षी, आणि तेवढीच एक इच्छा. पण नियम आहेत हं! टाके तूच घालायचे. कुणाला सांगायचं नाही. शेवटचा टाका घालताना मनात जे असेल, तेच घडेल. आणि उद्या सूर्य बुडायच्या आत नक्षी पुरी व्हायला हवी, नाहीतर धाग्याचं दव होईल."

"उद्या?" मिल्काचे डोळे मोठे झाले. "अगं, पण उद्या शब्बाथ! आम्ही सुईला हातसुद्धा लावत नाही."

परीचा चेहरा पडला. "मी तर मुद्दाम उद्या म्हटलं! शनिवारी तुम्हाला सुट्टी असते असं ऐकलं होतं. म्हटलं, निवांत शिवत बसशील."

"निवांत बसायचं, म्हणूनच शिवायचं नाही," मिल्का म्हणाली. एवढं रडू येत होतं, तरी तिला हसू फुटलं. "नियम बदल की थोडा."

"नियम मी केलेले नाहीत गं, सोन्या," परी ओशाळून म्हणाली आणि भुर्रकन उडून गेली.

म्हणजे उरली फक्त आजची दुपार! मिल्का धावत घरी आली. भात चढवला, चपात्या भाजल्या, नारळाचं दूध काढून कालवणात ओतलं, मनुका भिजवून शब्बाथच्या सरबतासाठी कुस्करल्या. मग परकराला हात पुसले आणि खुंटीवरचा झगा मांडीवर घेतला.

"बघू, काय भरतेस?" आईने विचारलं.

"डाळिंब."

"एवढा छान धागा कुठला गं?"

मिल्काने मान खाली घालून सुई ओवली. आई समजूतदार होती, तिने पुन्हा विचारलं नाही. खाटेवरून ती फक्त सांगत राहिली, "ओढू नकोस टाका, बसव त्याला. हां, अस्सा. पोट गोल येऊ दे." डाळिंब फुगत गेलं, त्याला इवलासा मुकुट आला, आत दाणे लुकलुकू लागले. प्रत्येक टाक्याला मिल्का मनात म्हणायची, आईची बोटं उघडू देत. आईची बोटं उघडू देत.

ऊन तांबूस झालं. डाळिंबाचा एकच दाणा, एकच टाका उरला होता. तेवढ्यात दारात चांगुणामावशी आली. चांगुणामावशी कोळीण. रिबकाचा हात भाजल्यापासून ती दर शुक्रवारी न मागता मासे टाकून जायची, आणि तेसुद्धा खवल्यांचेच, कारण या घरी बिनखवल्यांचे खात नाहीत हे तिला ठाऊक होतं. आज तिच्या हातात टोपली नव्हती. केस सुटलेले, डोळे सुजलेले.

"आज म्हावरा नाय गो, रिबकाबाय," ती उंबऱ्यातच मटकन बसली. "आमची होरी सकालच्या भरतीला यावाची व्हती. अजून नाय आयली. दर्यान वारा सुटलाय. माजा घरवाला गेलाय, दोनी पोरां गेल्यान..." तिने पदर तोंडाशी धरला.

रिबका उठली आणि डाव्या हाताने तिला जवळ घेतलं.

मिल्काची सुई वरच्या वर थांबली. एक टाका. आईची बोटं, की मावशीची होडी? तिने आईच्या मुडपलेल्या हाताकडे पाहिलं. मग खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. लाटा काळ्या झाल्या होत्या आणि सूर्य पाण्याला टेकत होता. आईचा हात दुखतोय, पण आई इथे आहे, माझ्यासमोर. मावशीची माणसं कुठे आहेत? मिल्काला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की सुई डोळ्यांपुढे धूसर झाली. तिने डोळे पुसले. होडी परत येऊ दे, असं ती मनात म्हणाली आणि शेवटचा टाका घातला.

डाळिंब क्षणभर लखलखलं आणि निवलं.

आईने डाव्या हाताने शब्बाथचा दिवा लावला. ज्योत सरळ उभी राहिली, तोच किनाऱ्यावरून आरोळी आली, "आयली गो, आयली! चांगुणे, तुजी होरी आयली!" मावशी धडपडत धावली. पाठोपाठ मायलेकीही गेल्या. वारा पडला होता. होडी अलगद वाळूला लागली, आणि मावशी नवऱ्याला धरून रडत होती, हसत होती, वर शिव्याही घालत होती.

मिल्काला खूप आनंद झाला. पण जेवताना आई डाव्या हाताने चपाती तोडायला धडपडू लागली, तेव्हा मिल्काने आपला घास ताटात ठेवला आणि तिला चपाती तोडून दिली. तो सबंध शनिवार ती आईला चिकटून होती. केलं ते बरोबरच केलं हे तिला माहीत होतं, आणि तरीही मनाला लागायचं ते लागतच होतं.

शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसल्या. आईने सब्ज्याची डहाळी मिल्काच्या नाकाशी धरली. मिल्काने डोळे मिटून वास घेतला. डोळे उघडले तर डहाळीच्या शेंड्यावर सोनकणी बसलेली!

"आई, ही..."

"दिसतेय मला," आई हळूच म्हणाली.

"मिल्का," परी म्हणाली, "शेवटचा टाका होडीचा होता. होडी आली. पण आधीचे टाके?"

"ते आईसाठी होते," मिल्का म्हणाली. "ते वाया गेले."

"कोण म्हणालं वाया गेले?" परीने कमरेवर हात ठेवले. "काय घडायचं ते शेवटचा टाका ठरवतो, हे खरं. पण आधीचे टाके फुकट जातात, असं कुठल्या नियमात आहे? मी काल सगळे नियम पुन्हा वाचून काढले!" मग ती जरा खाली बघत म्हणाली, "मात्र सगळं नाही जमणार हं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच. बाकीची हळूहळू उघडतील, वैद्यबुवांच्या लेपाने."

ती रिबकाच्या हाताभोवती गिरक्या घेऊ लागली. सोनेरी, गुलाबी, जांभळ्या ठिणग्या उडाल्या. उजेड वाढत वाढत गेला, वाट्या किणकिणल्या, भिंती मधाच्या रंगाच्या झाल्या. आणि त्या उजेडातच सोनकणी विरून गेली.

रिबकाने हात पुढे धरला. अंगठा हलला. शेजारचं बोटही हललं.

"दोनच बोटं," मिल्का मुसमुसत म्हणाली. "आई, दोनच गं."

"अगं वेडाबाई," आई रडत रडत हसली, "सुई धरायला लागतात तरी किती?"

शब्बाथ संपला होता. तिने दिव्याजवळची सुई चिमटीत उचलली आणि झगा मांडीवर ओढला.