शेठजींनीच दिलेली ग्वाही

मृण्मयी कोठावळेला गेम तयार करण्याचे शिक्षण घ्यायचे होते. त्यासाठी लॅपटॉप घ्यायला जवळ साठ हजारच होते. लॅपटॉप बिघडला, तर शिक्षणही थांबणार होते.

"साठ हजारांत टिकाऊ गेमिंग लॅपटॉप? ताई, खेळणी पलीकडच्या गल्लीत मिळतात!" असे म्हणत दुकानदार भालचंद्रशेठांनी लाखाचा लॅपटॉप पुढे सरकवला.

मृण्मयी ढळली नाही. दाराजवळ गिऱ्हाइकांची मुले एका लॅपटॉपवर खेळत होती. तिने विचारले, "शेठ, तो किती जुना?"

"तीन वर्षे! रोज पन्नास पोरे बडवतात, पण एकदाही दुरुस्तीला उघडलेला नाही. आमची निवड आहे ती!"

"अशाच नव्याची किंमत?"

"पंचावन्न हजार," शेठ बोलून गेले.

"पन्नास पोरांना पुरला, तो मला एकटीला पुरेल. त्याच मॉडेलचा नवा बांधून द्या."

मागचे गिऱ्हाईक म्हणाले, "शेठ, आम्हालाही तोच!"