तांबूबाईचा वेलींचा पूल

गवे फुगडी घालत, त्या काळची ही गोष्ट. एका खोल दरीवर वेलींचा पूल होता. त्यावरून सगळं जंगल पलीकडच्या फळांच्या रानात जाई. गवासुद्धा डुलत डुलत जाई. खोटं वाटत असेल तर गव्यालाच विचारा!

तो पूल तांबूबाई नावाच्या शेकरूने हौसेने विणला होता. सुटलेली गाठ दिसली की तिच्याच्याने पुढे जाववत नसे. कुजलेल्या वेली बदलता बदलता दिवस मावळे, आणि स्वतःसाठी फळं शोधायची राहूनच जात. बिचारीचं पोट पाठीला लागलं.

जंगलाने मग तिचा थाटात सत्कार केला. केळीच्या पानाची शाल पांघरवली, हार घातला, भाषणं ठोकली. गवा गहिवरून म्हणाला, "तांबूबाई, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत! तेवढी मधली गाठ कुरकुरते, बघता का जरा?"

तांबूबाई लगबगीने उठली आणि चक्कर येऊन पडली.

"बाईंचा आज उपास का?" वानराने विचारलं.

"रोजचाच आहे," साळिंदर म्हणालं. "फळं आपण खातो, गाठी ती बांधते."

गवा ओशाळला. "उद्या मोठ्ठी मेजवानी देऊ!"

"गवेराव, मेजवानी एक दिवस पुरते," तांबूबाई क्षीण आवाजात म्हणाली. "वेली तर रोज कुजतात."

तेव्हापासून पलीकडून येणारा प्रत्येक जण पुलाच्या तोंडाशी तिच्यासाठी एक फळ ठेवू लागला. गवा वेली ओढून आणू लागला, वानर गाठी बांधायला शिकला. तांबूबाई अशी गुटगुटीत झाली की एकदा पूल तिच्याच वजनाने कुरकुरला.

तिने तिथेच बसकण मारली आणि आधी ती कुरकुरणारी गाठ घट्ट केली.