नाही म्हणायचं तर लिहून द्या

"इस्त्रीवाल्या कौसल्येने शाळेच्या साहेबांना हात जोडायला लावले म्हणे, आणि मग..." जिन्यातून एवढंच ऐकू आलं. शालनकाकूंना राहवतंय होय! कणीक तशीच टाकून त्या थेट कौसल्येच्या दारात. "काय गं केलंस? सगळं सांग!"

घडलं होतं ते असं. गरिबांच्या मुलांसाठी राखीव पंचवीस टक्के जागांच्या सरकारी सोडतीत कौसल्येच्या तेजलचा नंबर मोठ्या शाळेत लागला होता. प्रवेशाचा शेवटचा दिवस, आणि मुख्याध्यापकांनी आईचीच मुलाखत मांडली.

"इंग्रजी येतं?"

"नाही, साहेब."

"मग घरी अभ्यास कोण घेणार?"

"मीच. मराठीतून."

साहेब हसले. "बाई, तुम्ही नापास. मुलीला प्रवेश नाही. आमच्या शाळेला दर्जा आहे."

कौसल्या जागची हलली नाही. रेशन दुकानदाराशी भांडून भांडून तिला एक सवय लागली होती.

"बरं साहेब. मग तेवढं कागदावर लिहून द्या, आईला इंग्रजी येत नाही म्हणून मुलीला नाकारलं. खाली सही-शिक्का मारा. प्रवेशाला मुलाखत घ्यायची कायद्यात बंदी आहे ना, शिक्षणाधिकारी विचारतील. मी अडाणी, तोंडी सांगताना तुमचा एखादा शब्द चुकायचा!"

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि तेजलच्या प्रवेशअर्जावर सही केली.

"अगंबाई! आणि मग हात जोडले?" काकूंचे डोळे चमकले.

"हात कुठले जोडतायत, काकू! पण मी निघाले तेव्हा खुर्चीतून उठून उभे राहिले."