भंगारातल्या ब्रेकचा नेम

बायांनो, ऐका. कुसुमावतीने एका चातुर्मासात खोटं न बोलण्याचा नेम धरला होता. त्याच वर्षी तिचा नवरा दिगंबर जुन्या गाड्यांचे भाग जमवून अंगणात शर्यतीची मोटार जुळवत होता.

भंगारातून आणलेला ब्रेक मोटारीला लागायची आशेने वाट बघत होता. पण त्याच्या पोटात एक बारीक चीर होती, ती वरून कोणालाच दिसत नव्हती.

त्याने ती शेजारच्या इंजिनाला सांगितली. "गप्प राहा," इंजिन म्हणालं. "बोललास तर भट्टीत वितळशील."

खंडेनवमीला कुसुमावतीने एकेका भागाला हळदकुंकू लावलं. ब्रेकला म्हणाली, "दादा, घाट उतरताना यांना सांभाळशील ना?"

ब्रेकला भट्टी आठवली. मग कुसुमावतीने पाहुण्यांना "भाजी खारट झालीय हो" असं आपणहून सांगितलेलंही आठवलं.

"नाही वहिनी, मी आतून चिरलोय. मला लावू नका."

ते ऐकून इंजिन पुटपुटलं, "माझंही तेल गळतं, वहिनी."

दिगंबरने इंजिन दुरुस्त केलं, ब्रेक दुसरा आणला. मोटार घाट उतरून सुखरूप घरी आली. उतरत्या अंगणात ती उभी केली की चाकाखाली तो जुना ब्रेकच लावतात, आणि मोटार जागची हलत नाही.

बायांनो, कोणी भरवशाने विचारलं, तर तुम्हीही आपली चीर आधी सांगा.