भिवराईची घोंगडी

वाटसरूंना पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की पहाटे जात्याची घरघर ऐकू येत होती, पण ओवी येत नव्हती.

फार जुनी गोष्ट. खिंडीच्या पायथ्याला तांबडमाळ नावाचं गाव होतं, अजूनही आहे. त्या वर्षी गावात पटकीची साथ येऊन गेली. एकही उंबरा तिनं सोडला नाही. रीत अशी, की घरातला दुखवटा घरच्यांनी काढायचा नसतो. ज्या घरात मयत नाही तिथलं कुणी येतं, गोड घास भरवतं, "आता गा, हसा" म्हणतं, मग गाणं पुन्हा सुरू होतं. पण इथं प्रत्येक घरातच मयत झालेलं, मग कोण कुणाचा दुखवटा काढणार? वर्ष उलटलं तरी गाव गप्पच.

त्या गावात भिवराई नावाची सणगराची धाकटी सून होती. घोंगड्या विणायची. हात धीट, पण जीव भित्रा. भांडं पडलं तरी दचकायची, पाल चुकचुकली तरी छातीवर हात ठेवायची. बायका चिडवायच्या, "भिवराई कसली, भित्राई ही." तिची थोरली जाऊ ठकूबाई. दोघी समोरासमोर बसून एकच जातं ओढायच्या. भिवराईनं एक ओळ टाकायची, ठकूबाईनं दुसरी उचलायची. ठकूबाईचा लेक पटकीत गेला, आणि तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती. हल्ली भाकरीही अर्धीच खायची. भिवराईला वाटायचं, ही अशीच गप्प बसून एक दिवस विझून जाईल. त्या विचारानं तिच्या हातातला मागाचा धोटा गळून पडायचा.

शेवटी तिनं घरातली सगळी काळी लोकर काढली, चिंचोक्याची खळ लावली आणि एक घोंगडी विणली. तिच्या कडेच्या दशांना मात्र गाठी मारल्या नाहीत, धागे मोकळेच ठेवले. मग बाजाराच्या दिवशी खिंडीत जाऊन उभी राहिली. जत्रांना जाणारी माणसं तिथूनच जायची. दोनदा तोंड उघडलं, आवाजच फुटला नाही. तिसऱ्यांदा समोरून येणारा एक गोंधळी स्वतःच थांबला.

"बाई, काही मागायचंय का द्यायचंय?"

"दोन्ही," ती कशीबशी म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं: बसायला घोंगडी देते, तुम्ही बाहेरचे, येऊन गावाचा दुखवटा काढा. गोंधळी तिच्यामागून आला. त्याच्यामागून डफवाला फकीर आला, लग्न आटोपून परतणारा सनईवाला आला, आणि फडातून निवृत्त झालेली कौसा नावाची लावणीवाली आली. घोंगडी भिवराईच्या दारात पसरली, तेव्हा कौसा कडेलाच उभी राहिली. देवाच्या गाण्याशेजारी माझं कसं बसेल, असं तिनं विचारलं. गोंधळी म्हणाला, "ते घोंगडीला विचारा. मी तर आधीच बसलोय."

सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसले. संबळ कडाडला. तशी गावातली उघडी दारंही लागली. सनई चढली, खिडक्या मिटल्या. परक्यांनी येऊन आमच्या दुःखावर वाजवावं काय, असं म्हाताऱ्या पाटलांनी आतूनच सुनावलं म्हणतात. आणि दुसऱ्यांदा संबळ कडाडला तेव्हा भिवराई अशी दचकली, की हातातलं पाणी सांडलं.

"जरा हळू," ती रडवेली होऊन म्हणाली. "घोंगडीवर पुरेल एवढंच वाजवा. मला भ्या वाटतं."

कलावंत हसले, पण ऐकलं तिचं. संबळ बोटांनी वाजू लागला. कौसानं कानात सांगावी तशी लावणी म्हटली. फकिराचा डफ छातीच्या ठोक्याएवढा झाला. आता दाराआडच्यांना काही ऐकूच येईना. मग एक दार किलकिलं झालं. मग दुसरं. कुणी अंगणात आलं, कुणी घोंगडीच्या कडेला टेकलं. असं म्हणतात, की जो कुणी टेकला त्याच्यासाठी त्या मोकळ्या दशा वीतभर पुढे सरकल्या. सात हातांची घोंगडी उन्हं कलेपर्यंत एकवीस हातांची झाली, तरी गुडघ्याला गुडघा लागलेलाच. शेवटी पाटील आले. गोंधळ्यानं प्रत्येकाला गुळाचा खडा भरवला. दुखवटा निघाला.

एक कोपरा मात्र रिकामा राहिला. ठकूबाई उंबऱ्याच्या आतच होती.

आजही तांबडमाळात चैत्रात, दर वर्षी वेगळ्या अंगणात घोंगडी पसरतात. मांडव नाही, कर्णा नाही. भजनी येतात, कव्वाल येतात, बँडवाले येतात, हल्ली गिटारवाली पोरंही येतात. घोंगडीवर पुरेल एवढाच आवाज, असं प्रत्येकाला आधी सांगतात. मोठ्यानं वाजवलं तर म्हातारे म्हणतात, "भिवराई दचकेल हो." एक कोपरा रिकामा ठेवतात. आणि त्या घरातल्या धाकट्या सुनेनं एक ओळ टाकायची, कुणीतरी ती उचलेपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही. कधी घटका जाते, कधी दोन. कुणी घाई करत नाही, कारण त्या पहिल्या दिवशीही असंच थांबावं लागलं होतं.

त्या दिवशी सगळी वाद्यं खाली ठेवली गेली, आणि भित्री भिवराई भरल्या घोंगडीवर एकटी उभी राहिली. तिनं दाराकडे तोंड करून ओळ टाकली:

"दारी अंथरली घोंगडी, कोपरा रिता गं राहिला…"

तिनं पुन्हा म्हटली. मग तिसऱ्यांदा. असं म्हणतात, की खिंडीतला वारासुद्धा तेव्हा बसून होता.

आणि उंबऱ्याच्या आतून, वर्षभराच्या गंजलेल्या आवाजात, उत्तर आलं:

"सरक थोडी गं जाऊबाई, तिथं लेक माझा पाहिला."