छपरावरचा बर्फ

फार पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी शैलपुर नावाच्या नगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका लाकूडव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. वडील वारल्यावर वेशीजवळची वखार त्याच्याकडे आली. डोंगरातून लाकूड उतरवायचे, उन्हात वाळवायचे आणि हिवाळ्यात विकायचे, हा त्या घराण्याचा पिढीजात धंदा. सोमिल ओले लाकूड विकत नसे आणि मोळी बांधताना आत पोकळी ठेवत नसे. त्यामुळे गोरगरीब त्याच्याच दारी येत.

एका वर्षी थंडी महिनाभर आधीच आली. घाटाची वाट बर्फाने बुजली आणि डोंगरातून लाकूड यायचे थांबले. नगरात भरलेल्या वखारी दोनच उरल्या. एक सोमिलची आणि दुसरी कालक नावाच्या व्यापाऱ्याची. कालक सोमिलकडे आला आणि हात चोळत म्हणाला, "असा हिवाळा आयुष्यात एकदाच येतो, सोमिला. वखारीचं दार जरा जरासंच उघडायचं. लोक मागू ते देतील."

सोमिल म्हणाला, "मागू ते देतील, याचीच मला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः खांद्यावर मोळी घेऊन उत्तरिकेच्या घरी गेला. ही म्हातारी घोंगड्या विणून पोट भरायची. तिच्या सुनेला बाळंत होऊन नऊच दिवस झाले होते. सोमिल दारात पोचला तेव्हा उत्तरिका हातात कुऱ्हाड घेऊन आपल्या मागासमोर उभी होती.

"माई, हे काय करता?"

"दिसत नाही? माग फोडते आहे. खाट जाळली, पाट जाळले, आता एवढंच राहिलं. माग पुन्हा करता येईल. पोर गारठून गेलं तर कुठून आणू?"

सोमिलने तिच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि आणलेली मोळी चुलीत सारली. जाळ चांगला भडकला. तरी बोलताना तोंडातून वाफ निघतच होती. कोपऱ्यात बाळंतीण तान्ह्याला पोटाशी धरून कुडकुडत होती आणि तिच्या पाठीमागच्या भिंतीच्या फटींतून वारा शिट्टी घालत होता. मोळी अर्धी जळली, पण घर काही तापेना.

सोमिलला आत बसवेना. तो अंगणात आला आणि त्याची नजर छपराकडे गेली. उत्तरिकेच्या छपरावर बर्फ नव्हता. सगळा वितळून वळचणीतून थेंब थेंब गळत होता. शेजारच्या गोठ्याच्या छपरावर मात्र हातभर बर्फ जसाच्या तसा होता. सोमिल गोठ्यात शिरला. तिथे विस्तव नव्हता, तरी गाई निवांत रवंथ करत होत्या आणि त्याचे कान ऊन झाले. त्याने वर पाहिले. आढ्याखाली वासे आडवे टाकून त्यांवर कोरडा पेंढा गच्च भरला होता. तो बराच वेळ तसाच मान वर करून उभा राहिला.

परत येऊन तो म्हणाला, "माई, माझं लाकूड जळतं तुमच्या घरात आणि ऊब मात्र जाते आभाळाला."

"मग आभाळाकडूनच मोल घ्या," म्हातारी म्हणाली.

सोमिल हसला. मग त्याने अंगावरची शाल काढून बाळंतिणीला दिली आणि बाह्या वर सारल्या.

तीन दिवस तो तिथेच राबला. उत्तरिकेचा मुलगा कुंदक त्याच्या जोडीला होता. दोघांनी माती, शेण आणि चिरलेला पेंढा एकत्र तुडवून भिंतींच्या फटी लिंपल्या. बांबूच्या चटया आडव्या बांधून डोक्याच्या वर वीतभर उंचीवर दुसरे छत केले आणि त्यावर पेंढा भरला. दोन जुन्या घोंगड्यांच्या मध्ये गवत घालून उत्तरिकेने दारासाठी जाड पडदा शिवला. दक्षिणेकडची खिडकी दिवसभर उघडी ठेवून ऊन आत घ्यायचे आणि ऊन कलले की गवताच्या चटईने ती बंद करायची, असे ठरले. बाळंतिणीचे अंथरूण बाहेरच्या भिंतीपासून हलवून चुलीच्या बाजूला आणले. कुंदकने नदीतले गोल धोंडे आणले. पेज शिजत असताना ते चुलीच्या कडेला तापत ठेवायचे आणि निजताना फडक्यात गुंडाळून पायांशी घ्यायचे.

कुंदक हौसेने धुराड्याचे भोकही लिंपायला निघाला, तेव्हा सोमिलने त्याचा हात धरला. "एवढी वाट सोड. कोंडलेला धूर माणसाला झोपेतच घेऊन जातो. वारा अडवायचा, श्वास नाही."

तिसऱ्या संध्याकाळी चुलीत फक्त पेजेपुरता जाळ होता. बाळंतिणीने आपणहून शाल बाजूला केली. उत्तरिका उठली, मागापाशी बसली आणि विणू लागली. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच तिची बोटे आखडली नव्हती.

ही गोष्ट गल्लीभर झाली. शेजारणी येऊन भिंतीला हात लावून पाहू लागल्या. सोमिल ज्याला त्याला बोलावून नेई आणि छत कसे बांधायचे ते दाखवी. त्याच्याकडची जी मोळी एका दिवसात संपायची ती आता आठवडा पुरू लागली. वखारीपुढची गर्दी ओसरली. कालक येऊन म्हणाला, "स्वतःच्या धंद्यावर स्वतःच माती लिंपतोस!" सोमिल म्हणाला, "माती चांगली चिकटली आहे खरी."

इकडे राजवाड्यात राजा दृढसेन कुडकुडत होता. त्याचा महाल शंभर खांबांचा. छत इतके उंच की त्यावरची चित्रे धड दिसत नसत. चारही कोपऱ्यांत शेगड्या धडधडायच्या, तरी राजाचे हात गार ते गारच. राजाचा लाकडाचा साठा संपत आला तेव्हा कालकाने संधी साधली. "महाराज, वरच्या कड्यावर देवदाराचं रान उभं आहे. तोडायचा मक्ता मला द्या आणि घरटी एक माणूस द्या."

राजाने होकार दिला आणि नगरात दवंडी पिटली गेली. कड्यावर कंबरभर बर्फ होता. वर चढलेल्यांतले निम्मे परत येणार नाहीत हे ज्याला त्याला कळत होते. उत्तरिकेच्या घरून कुंदक जाणार होता. दवंडी ऐकून तिने विणता विणता हातातला धोटा खाली ठेवला आणि सोमिलकडे नुसते पाहिले.

सोमिल तडक राजसभेत गेला. "महाराज, ही माणसं वर पाठवू नका. थंडी लाकूड कमी म्हणून वाजत नाही. ऊब टिकत नाही म्हणून वाजते."

राजा रागावला. "उत्तम लाकडाच्या चार शेगड्या पेटवूनही माझा महाल तापत नाही. तिथे तुझी माती काय करणार?"

"महाराजांनी परीक्षा घ्यावी. एकाच विहिरीच्या पाण्याने दोन घडे भरा. एक आपल्या महालात ठेवा, दुसरा उत्तरिका विणकरणीच्या झोपडीत. दोन्हींवर आपलेच पहारेकरी बसवा. सकाळी पाहू."

कालक हसला. "आणि हरलास तर?"

"तर माझी वखार राजाची, आणि कड्यावर सगळ्यांत आधी मी चढेन."

सूर्य मावळताना घडे ठेवले गेले. महालात त्या रात्री दुप्पट लाकूड जाळले. सकाळी राजा स्वतः घड्यापाशी गेला आणि त्याने बोट घातले. पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता, तो कटकन मोडला. पायात जोडे घालून राजा थेट विणकरांच्या गल्लीकडे चालू लागला. मागे सगळी सभा, त्यामागे सगळे नगर.

दार ठेंगणे होते. राजाने मुकुट काढून हातात घेतला आणि वाकून आत पाऊल टाकले. आतून उत्तरिका ओरडली, "आत या नाहीतर बाहेर थांबा! पडदा ओढून घ्या, ऊब चालली!"

राजाने मुकाट्याने पडदा ओढून घेतला. आपण कोणावर ओरडलो ते पाहून म्हातारीचा आ वासला, पण राजाचे तिच्याकडे लक्ष नव्हते. तो घड्यापाशी बसला होता. पाण्यात त्याने बोट घातले, मग पुरता पंजा बुडवला. पाणी ओढ्याच्या पाण्यासारखे मोकळे हलत होते. शेजारी तान्हे मूल पांघरुणाबाहेर पाय काढून लाथा झाडत होते.

राजाने खांद्यावरची शाल उतरवली. "किती लाकूड जाळलंस, आजी?"

उत्तरिकेने काखेत मावेल एवढा भारा हाताने दाखवला. "एवढं. त्यातही पेज शिजली."

राजा खूप वेळ त्या चटईच्या छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माझ्या महालाच्या उंचीचा मला फार अभिमान होता."

तो बाहेर आला तेव्हा गल्लीत माणसे उभी होती. राजाने घडा दोन्ही हातांनी उचलून सर्वांसमोर उपडा केला. पाणी खळाळत दगडांवर सांडले आणि एकच जयघोष उठला. कुंदकने सोमिलला खांद्यावर घेतले. ज्या नगाऱ्यावर रान तोडायची दवंडी पिटली होती, त्याच नगाऱ्यावर ती मागे घेतली गेली. कड्यावर जाणारी माणसे आता माती तुडवू लागली, पेंढ्याच्या गाड्या घरोघर फिरू लागल्या आणि राजा स्वतः महाल सोडून एका लहान खोलीत राहायला गेला.

सगळ्यांत शेवटी सोमिल मातीचे घमेले घेऊन कालकाच्या घरी गेला. कालक दारातच अडून म्हणाला, "माझ्याकडे कशाला आलास? हसायला?"

"तुमच्या आई म्हाताऱ्या आहेत. उत्तरेची भिंत आधी घेऊ."

अंगरखा काढून ठेवून कालक माती तुडवायला चिखलात उतरला.

वसंतात घाट मोकळा झाला. पहिला तांडा नगरात भीत भीत शिरला, कारण अशा हिवाळ्यानंतर काय पाहावे लागेल हे त्यांना ठाऊक होते. पण वेशीवर त्यांना ढोल ऐकू आले. शैलपुरात थंडीने एकही माणूस दगावला नव्हता, आणि वरच्या कड्यावर देवदाराचे रान हिरवेगार उभे होते.

एवढी कथा सांगून गुरू, म्हणजेच शास्ते, थांबले. विहारात समोर भिक्षू बसले होते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे ज्याने हा विहार बांधून दिला तो उपासक. उत्तरिका म्हणजे पुढच्या रांगेतली ही वृद्ध भिक्षुणी. तिची जीभ अजूनही तशीच आहे. कालक म्हणजे काल आपल्याजवळच्या जास्तीची कांबळी आजाऱ्यांना वाटून टाकणारा भिक्षू. आणि सोमिल मीच होतो. आपण किती दिले हे मोजण्याआधी घेणाऱ्याजवळ किती टिकते हे जो पाहतो, त्याच्या करुणेला डोळे असतात. त्या डोळस करुणेला प्रज्ञा म्हणतात. ती जोपासा."