नागनाथअप्पांचं प्रवचन

"…आणि मौनाची दीक्षाच दिलीत तर, स्वामीजी?"

विचारलं शिवलीलाबाईंनी, पण प्रश्न त्यांचा नव्हता. शेजारी मान खाली घालून बसलेल्या नागनाथअप्पांचा होता, त्यांच्या नवऱ्याचा. ओठांवर बोट ठेवून, हात जोडून, मठाच्या दिशेनं पुन्हापुन्हा खुणा करून त्यांनी तो बायकोला समजावला होता. अख्खी सकाळ त्यात गेली होती.

मांजरा नदीकाठच्या ह्याच मठात अप्पा लहानाचे मोठे झाले. स्वामींनीच त्यांना घडवलं. पुढं प्रवचनकार म्हणून त्यांचं असं नाव झालं, की अप्पा बोलायला लागले की पंगतीतले लोक हातातला घास हातातच धरून ऐकत. अप्पांनाही ते ठाऊक होतं. दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची त्यांना कधी सवय लागली नाही.

मग एके दिवशी धोतर नेसताना त्यांनी बायकोकडं उपरणं मागितलं, आणि तोंडातून निघालं, "कुलूप."

पुन्हा मागितलं. पुन्हा "कुलूप."

त्यानंतर तेही निघेना. उजवा हात लुळा पडला होता.

दवाखान्यात जीव वाचला. हातही थोडाथोडा हलायला लागला. वाचा मात्र गेली ती गेली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, वाचाघात. समज शाबूत होती, आठवण शाबूत होती. शब्द आत होते, पण हाक मारली की येत नव्हते. आले तर भलतेच यायचे.

तेव्हापासून अप्पा दाराबाहेर पडले नव्हते. कुणी भेटायला आलं की शिवलीलाबाई सांगत, "झोपलेत." आता अप्पांना एक वाट दिसली होती. मौनव्रत घेतलं की लोक लांबून नमस्कार करतील आणि जातील. कीव करणार नाहीत.

स्वामी शेंगा फोडत बसले होते.

"नागनाथा, उपास कोण धरतो?"

अप्पांनी वर पाहिलं.

"ज्याच्या घरात जेवण आहे, तो. ज्याच्या घरात दाणा नाही, त्यानं उपास धरला असं म्हणायचं का?"

अप्पांचे कान तापले. उत्तर जिभेच्या टोकाशी आलं, आणि तिथंच राहिलं…

"सोमवारी ये," स्वामी म्हणाले. "दासोहात वाढायचं."

"पण ह्यांना बोलता येत नाही, स्वामीजी. एवढ्या पंगतीत…"

"वाढायला हात लागतो, माय. एक चांगला आहे की."

सोमवारचा दासोह म्हणजे मठातलं गावजेवण. त्यात अलीकडं एक निराळी पंगत बसे. आसपासच्या गावांतली, अप्पांसारखीच वाचा गेलेली माणसं घरच्यांना घेऊन यायची. जेवण झालं की रेहानाताई त्यांना ओसरीवर घेऊन बसत. गेलेली वाचा परत आणायचं त्यांचं शिक्षण होतं. चित्रं दाखवायची, गाणी म्हणायची, गप्पा मारायच्या, जमेल तशा. ओसरीवर एकच नियम होता. मागितल्याशिवाय कुणी कुणाला शब्द पुरवायचा नाही.

अप्पांच्या हाती हुग्गीची बादली आली. गव्हाची खीर, वर तूप.

"विचारल्याशिवाय वाढू नको," एवढंच स्वामींनी सांगितलं.

पंगतीत पहिले बसले होते काशिनाथ. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, अंगात अजून खाकी शर्ट. अप्पांनी बादली खाली टेकवली, पळी उचलली आणि तोंड उघडलं.

"ह… हं…"

मागून शिवलीलाबाई घाईनं म्हणाल्या, "हुग्गी वाढू का, असं विचारतायत…"

"माय," स्वामींनी हाक मारली, "इकडं ये बघू. शेंगा फोडायला हात कमी पडतायत."

त्या गेल्या. पण डोळे इकडंच.

अप्पा उभे. कपाळावर घाम. समोर ताटं रिकामी. कुणी शब्द पुरवला नाही, कुणी नजरही चुकवली नाही. अप्पांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

तेवढ्यात काशिनाथांनी हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, पुढं चला!"

पंगत हसली.

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पळी बादलीत टाकली आणि ते निघाले.

"अप्पा, थांबा," रेहानाताई आडव्या आल्या. "त्यांच्याकडं तेवढंच वाक्य उरलंय. आनंद झाला तरी तेच, राग आला तरी तेच. घरी नातीला झोपवतानाही तेच म्हणतात."

अप्पा वळले. काशिनाथांनी आपला हात छातीवर ठेवला. मग अप्पांच्या लुळ्या हातावर ठेवला. आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"पुढं… चला."

अप्पांना ते कळलं. त्यांच्या मनात आलं, आपण एवढी प्रवचनं केली, पण असं एका माणसाशी कधी बोललो का?

ते परत बादलीपाशी आले.

"हु…" ते म्हणाले. "हु… ग्गी?"

काशिनाथांनी ताट पुढं सरकवलं.

त्या दिवशी पंगत उठायला दुपार कलली. हुग्गी गार झाली. कुणी तक्रार केली नाही. आणि घरी जाताना अप्पा रस्त्यानं हसत होते, एकटेच, पोरासारखे.

मग ते दर सोमवारी जाऊ लागले. बोलताना अडणारी ओवी गाताना सरळ येते, हे त्यांना तिथं कळलं. शब्द सापडला नाही तर पाटीवर चित्र काढायचं, हे कळलं. एकदा त्यांनी बैल काढला तो सगळ्यांना उंदीर वाटला, तेव्हा सगळ्यांत आधी अप्पाच हसले. काशिनाथांचं तेच ते वाक्य ते दर वेळी नव्यानं ऐकत, आणि त्यांचं पुरतं होईपर्यंत थांबत.

शिवलीलाबाईंनाही सोबत मिळाली. ओसरीच्या कडेला, आलेल्यांच्या घरच्या बायामाणसांत बसून त्या मन मोकळं करत. आता दारात कुणी आलं की त्या सांगत, "आहेत की घरात. या, बसा. फक्त घाई करू नका."

श्रावणातला शेवटचा सोमवार आला. मठात मांडव भरला. प्रवचनाची वेळ झाली, तसे स्वामी म्हणाले,

"आज नागनाथ बोलेल."

अप्पांनी नको म्हणून हात हलवला. स्वामींनी दुसरीकडं पाहिलं.

अप्पा उठले. डाव्या हातानं खांब धरला. काय सांगायचं ते मनात लख्ख होतं. देव सगळ्यांत आहे. एवढंच. पूर्वी ह्याच एका वाक्यावर ते सबंध संध्याकाळ बोलत.

"मीठ…"

अप्पांनी स्वतःचाच शब्द ऐकला. नाही, हा नव्हे. मान हलवली. पुन्हा सुरुवात केली.

"मीठ… सगळ्यांत… आहे."

मांडवात कुणी शब्द सुचवला नाही. मागं बसलेल्या एका म्हातारीनं डोळे मिटून हळूच मान डोलावली…

अप्पांनी कपाळावर हात मारला आणि हसतच स्वामींकडं वळले.

"चु… चुकलं. मीठ नाही… ते… ते…"

स्वामींनी हात वर केला.

"राहू दे, नागनाथा. बरोबर पडलंय."